न्यूयॉर्कला धावलेले चौघे

मागच्या वेळी आपण ऑस्ट्रेलियातल्या मिशन-वस्त्यांपाशी थांबलो होतो. शिकार करणाऱ्या, कंद खणणाऱ्या, रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसांना तिथे एका जागी बसवलं गेलं आणि हातात शिधा दिला: पीठ, साखर, चहा. मधुमेहाची गोष्ट तिथून सुरू होते. मी स्वतः गोळ्या घेणारा माणूस आहे, म्हणून हा भाग जरा जास्त रेंगाळत सांगतो.

१९८२ साली केरिन ओडी या संशोधिकेने वायव्य ऑस्ट्रेलियातल्या दहा मधुमेही आदिवासींना सात आठवडे त्यांच्या पूर्वजांच्या मुलखात नेलं. खाणं काय, तर मिळेल ते. कांगारू, मासे, कंद. वजनं सरासरी आठ किलोंनी उतरली, रक्तातली साखर बरीच खाली आली. म्हणजे दोष रक्ताचा नव्हता! वाईट सवयी लावल्या कुणी आणि उपदेश ऐकायचा कुणी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

आता २०१० सालात येऊ. रॉबर्ट डी कॅस्टेला हा १९८३ चा मॅरेथॉनचा जगज्जेता. त्याने आदिवासी तरुणांसाठी एक प्रकल्प उभा केला. त्याला शर्यत जिंकणारे नको होते. वस्तीत ज्याचा शब्द ऐकला जाईल अशी माणसं हवी होती. चौघे निवडले गेले. काही महिने सराव, आणि ७ नोव्हेंबरला थेट न्यूयॉर्क, ४२ किलोमीटर १९५ मीटर. चौघांनीही शर्यत पुरी केली. त्यांतला चार्ली माहेर अ‍ॅलिस स्प्रिंग्जचा, वाळवंटातला. न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी करणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन आदिवासी. (त्याच ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरला कांस्य मिळवलं होतं. योगायोगच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

चौघे धावले म्हणून साखर कुणाची उतरली, असं कुणी विचारेल. रास्त आहे. आणखी एक धोकाही आहे. माणूस धावू लागला की सरकार म्हणतं, बघा, जमतं की! मग वस्तीतल्या दुकानात ताजी भाजी का नाही, आणि असली तर इतकी महाग का, हे कुणी विचारत नाही. २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली, आयुर्मानातलं अंतर मिटवण्याचं वचन दिलं. ते वचन कुणाच्या पायांवर ढकलता येत नाही.

तरी मी या उपक्रमाच्या बाजूचा आहे. कारण यात नुसतं धावून भागत नाही. प्रथमोपचार, प्रशिक्षकाचं काम, आरोग्याचा अभ्यासक्रम हेही पुरं करावं लागतं. पुढे तुकड्यांत स्त्रियाही आल्या. गावी परतून त्यांनी धावण्याचे गट सुरू केले, आणि त्या गटांत पळणाऱ्यांबरोबर नुसते चालणारेही येतात.