नरकाची मुदत

चतुर्दशीच्या पहाटे सूर्योदयापूर्वी जो न्हाणार नाही तो नरकात जाईल, असा धाक आपल्याकडील आया मुलांना पिढ्यान्‌पिढ्या घालीत आल्या आहेत. मुले कुडकुडत उठतातही. पण त्या धाकाने कोणाची झोप कायमची उडाल्याचे ऐकिवात नाही. याचे एक कारण असे की, आपल्या पुराणांतले नरक कितीही भयंकर असले तरी तेथील वस्तीला मुदत असते. पाप भोगून सरले की जीव पुन्हा जन्ममरणाच्या फेऱ्यात येतो. ख्रिस्ती धर्मातील रूढ समजुतीत ही मुदतच नाही. तेथे नरक एकदा लागला की तो अनंत काळ. म्हणूनच त्या धर्मात वाद माजला तो नरक आहे की नाही यापेक्षा, तो कशासाठी आहे आणि त्याला शेवट आहे काय, यावर. त्यातील एक प्रकरण मला फार जवळचे वाटते. कारण त्याचा नायक शाळामास्तर होता, कादंबऱ्या लिहीत होता, आणि जन्मला होता आपल्या मुंबईत.

फ्रेडरिक विल्यम फॅरर हे त्यांचे नाव. जन्म १८३१ चा. वडील चार्ल्स फॅरर हे मिशनरी. मुंबईत आणि नाशकास त्यांनी काम केले. ख्रिस्ताचे नाव न ऐकता मरणाऱ्या कोट्यवधी जिवांना अक्षय अग्नीतून वाचवायचे, ही तळमळ त्या काळच्या अनेक मिशनऱ्यांना सातासमुद्रांपलीकडे घेऊन येत असे. मुलगा लहानपणीच विलायतेस गेला आणि पुढे नेमका या अग्नीविषयीच बोलायला उभा राहिला.

वाद मात्र त्यांच्या आधीचा, फार जुना. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने असे मांडले होते की, देवाचा अग्नी हा सोनाराच्या मुशीतल्या अग्नीसारखा आहे. तो हीण जाळतो, सोने नव्हे, आणि अखेर सारे जीव देवाकडे परततील. चौथ्या शतकातील निसाच्या ग्रेगरीचाही कल तिकडेच होता. उलट संत ऑगस्टीनने आपल्या 'देवाचे नगर' या ग्रंथाचा एकविसावा भाग या दयाळू मंडळींना उत्तर देण्यात खर्च केला. त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा आहे. येशूच्या एकाच वाक्यात, एकाच विशेषणाने, पुण्यवंतांचे जीवन आणि पाप्यांची शिक्षा या दोहोंचे वर्णन आले आहे. शिक्षेला शेवट मानलात तर स्वर्गालाही मानावा लागेल! सहाव्या शतकात ऑरिजेनची मते पाखंड ठरली आणि ऑगस्टीनचा शब्द पश्चिमेत प्रमाण झाला.

मध्ययुगीन चर्चने एक मधली वाट ठेवली होती. स्वर्गाला लायक, पण पुरते शुद्ध न झालेले जीव शुद्धिस्थानात भाजून निघत आणि मग वर जात. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांनी हे शुद्धिस्थान नाकारले. त्यामागे त्यांची कारणे सबळ होती. पण परिणाम असा झाला की मरणापलीकडे दोनच दारे उरली. ना फार चांगला, ना फार वाईट असा जो सामान्य माणूस, त्याने जायचे कोठे?

विलायतेत एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पेटला. १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक फ्रेडरिक मॉरिस यांनी लिहिले की, 'शाश्वत' म्हणजे न संपणारी वर्षे नव्हेत. देवाशी जोडलेले असणे हेच शाश्वत जीवन आणि त्याच्यापासून तुटणे हेच शाश्वत मरण. एवढ्यावरून त्यांची नोकरी गेली. १८६० मध्ये एच. बी. विल्सन या धर्मोपदेशकाने, दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल, अशी आशा छापून प्रकट केली. त्यावर खटला झाला आणि तो प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८६४ च्या निकालात लॉर्ड वेस्टबरी यांनी, अशी आशा बाळगणे हा चर्चच्या कायद्याने गुन्हा नाही, असे ठरविले. न्यायमूर्तींनी नरकाचा दावा खर्चासह फेटाळला, असा विनोद त्यावर झाला. पण सारेच हसले नाहीत. सुमारे ११,००० धर्मोपदेशकांनी, शिक्षा अनंतच आहे, अशा जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

फॅरर हे मॉरिस यांचे विद्यार्थी. हॅरो येथे ते शिक्षक होते, पुढे मार्लबरो शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांची 'एरिक' ही शाळकरी मुलांची कादंबरी १८५८ साली निघाली. १८७७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात वेस्टमिन्स्टर ॲबेच्या व्यासपीठावरून त्यांनी या विषयावर प्रवचने दिली. म्हणणे सरळ होते. इंग्रजी बायबलात ज्या एका शब्दाने 'नरक' म्हटले आहे त्याच्या मागे मुळात वेगवेगळे शब्द आहेत. 'हेडिस' हा मृतांचा लोक. 'गेहेन्ना' ही जेरुसलेमच्या वेशीबाहेरची हिन्नोमची दरी. 'अनंत' असे ज्याचे भाषांतर झाले तो ग्रीक शब्द 'युग' या अर्थाच्या शब्दापासून निघालेला. तेव्हा एवढी भीषण शिकवण भाषांतराच्या पायावर उभी करू नका, असे ते सांगत होते. आपल्या मराठी बायबलात 'अधोलोक' आणि 'नरक' असे दोन शब्द आढळतात, त्यांचे मर्म येथे उमगते.

ऑक्सफर्डचे पंडित पुसी यांनी १८८० साली त्यांना ग्रंथरूपाने उत्तर दिले. ऑगस्टीनचा आक्षेप होताच. पण त्याहून वजनदार मुद्दा माणसाच्या स्वातंत्र्याचा होता. ज्याला देव नकोच आहे, त्याला देवाने बळजबरीने स्वर्गात ओढायचे काय? त्याच वेळी पुसींनी हेही मान्य केले की, बहुसंख्य माणसे नरकातच जातात, असे मानण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. फॅरर यांनी १८८१ मध्ये प्रत्युत्तर दिले, तेव्हा दोघांतील अंतर बरेच कमी झालेले दिसले. सगळे तरतीलच, असे फॅरर यांनीही छातीठोकपणे म्हटले नाही. त्यांच्या पुस्तकाचे नाव 'शाश्वत आशा' होते; शाश्वत खात्री नव्हे.

हा वाद वाचताना मला राहून राहून वर्ग दिसतो. शिक्षा कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे रोज उभा असतो. केल्याचे फळ म्हणून, इतरांना धाक बसावा म्हणून, की मूल सुधारावे म्हणून? पहिल्या दोन कारणांना मुदतीची गरज नाही; तिसऱ्याला आहे. सुधारण्यासाठी दिलेली शिक्षा कधी तरी संपावीच लागते, नाही तर सुधारून जायचे कोठे? पण पुसींचा प्रश्नही खोटा नाही. वर्गाचे दार उघडे ठेवणे गुरूच्या हाती असते, आत पाऊल टाकणे मुलाच्याच.

१८८१ साली नव्या करारचे सुधारलेले इंग्रजी भाषांतर निघाले, त्यात 'हेडिस' आणि 'नरक' हे वेगळे ठेवण्यात आले. फॅरर कँटरबरीचे डीन झाले. बिशपपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. १९०३ मध्ये ते वारले. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी, नरक म्हणजे एखादे ठिकाण नसून देवाला स्वतःहून दुरावलेल्या माणसाची अवस्था होय, असे सांगितले. शिक्षेच्या मुदतीचा प्रश्न त्यानेही मिटला नाही. मला वाटते, तो मिटायचा नाही. कारण आपल्या प्रिय माणसाचे मरणानंतर काय होते, हे विचारणारे घर प्रत्येक पिढीत असते, आणि त्या घराला उत्तर देताना धर्मगुरूलाही आवाज खाली आणावा लागतो.