पान्हा कुठून येतो?

म्हैस पान्हा चोरते, असे आपण सहज बोलून जातो. श्रोतेहो, चोरायला आधी मन लागते! माझी हयात सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गुरांचा डॉक्टर म्हणून गेली. माण-खटावच्या माळावर आणि कृष्णाकाठी भिलवडीच्या बाजूलाही. आपल्या भाषेने दुधाला आणि मायेला 'पान्हा' हा एकच शब्द दिला, त्यामागे कुणा गुराख्याचे बारीक निरीक्षण असावे असे मला नेहमी वाटते.

शास्त्र तिथे सावकाश पोचले. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्या मागच्या भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी तोच अर्क शेळीला टोचला, तर दूध वाहू लागले. त्यातले संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. ते तयार होते मेंदूत, ग्रंथीत नुसते साठते. १९५३ मध्ये द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले.

मला अधिक आवडतो तो १९४१ चा अमेरिकेतला प्रयोग. एली आणि पीटरसन यांनी धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले, कागदी पिशव्या फोडल्या. गाय घाबरली आणि दूध अडले. आपल्या गोठ्यात नवखा माणूस शिरला की हेच होते, त्याला मांजर लागत नाही. १९४८ मध्ये न्यूटन दांपत्याने हेच माणसात पाहिले. अंगावर पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, तिला गणिते घातली. बाळाला दूध कमी मिळाले. ऑक्सिटोसिन टोचताच ते पुन्हा येऊ लागले. म्हणजे दूध आटलेले नव्हते, अडलेले होते. 'हिला दूधच नाही' असे बाळंतिणीच्या तोंडावर म्हणणाऱ्या घरांत मला हा प्रयोग मोठ्याने वाचून दाखवावासा वाटतो.

जत-आटपाडीकडे मेंढ्या पुष्कळ. पोरके कोकरू दुसरी मेंढी सहसा जवळ करत नाही. वासावरून परके ओळखते. केंड्रिक आणि केव्हर्न यांनी १९८७ मध्ये ऑक्सिटोसिन थेट मेंढीच्या मेंदूतल्या पोकळीत सोडले, तेव्हा न व्यालेली मेंढीही कोकराला माया लावू लागली. शिरेत किंवा स्नायूत टोचलेले औषध मात्र मेंदूत फारसे शिरत नाही, आणि रक्तातून काही मिनिटांत निघून जाते. दूध तेवढे येते.

पूर्वी रेडकू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवत. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. फसवणूकच ती, पण तिच्या मनातून जाणारी. पुढे ठिकठिकाणी रोजच्या धारेला सुई आली. रेडकाची गरज उरली नाही, मग त्याला दूध तरी कोण ठेवणार?

हा गैरवापर थांबवायचा म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवण्यास मनाई केली. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला पहिले औषध हेच. ते दवाखान्यात मिळालेच नाही तर? दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती मनाई रद्द केली. गोठ्यातल्या सुईचा प्रश्न मात्र गोठ्यातच राहिला.