लोमोंटाइट: आकार एकाचा, द्रव्य दुसऱ्याचे

पनवेलच्या पट्ट्यात डोंगराला सुरुंग लागला की काळ्या फत्तरात कधीकधी पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली पोकळी उघडी पडते. बघणारा तिला सरसकट ‘गारगोटी’ म्हणून मोकळा होतो. संग्राहकाचे काम तेवढ्याने भागत नाही. त्याला दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात: हा आकार कोणाचा, आणि आत्ता आत द्रव्य कोणते? पुष्कळ चुकीच्या चिठ्ठ्या हे दोन प्रश्न एकच मानल्यामुळे लिहिल्या जातात.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्यांत झिओलाइट खनिजे जमवली. सह्याद्रीत जवळजवळ आडवे दिसणारे हे थर पनवेलजवळ पश्चिमेकडे कलतात; या वाकणाला भूविज्ञानात पनवेलचेच नाव आहे. त्याच्याच उत्तरेकडच्या भागात गणेशपुरी-वज्रेश्वरीची गरम कुंडे आहेत. १९७४ साली भूवैज्ञानिक सुखेश्वाला आणि सहकाऱ्यांनी या प्रदेशातल्या झिओलाइटांचे लोमोंटाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलँडाइट असे तीन पट्टे मांडले. त्यांपैकी लोमोंटाइट सर्वांत जास्त तापमानाचे, आणि बदलाच्या बाबतीत सर्वांत बोलके.

त्याच्या जाळीत पाणी सैल बसलेले असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ५० टक्क्यांखाली गेली की सूत्रातले साडेचार रेणू पाणी साडेतीनच्या आसपास येते. जेमतेम एक रेणू जातो, पण काचेसारखा स्फटिक खडूसारखा पांढरा होतो आणि बोटाच्या स्पर्शाने भुगा होतो. कोकणातला पावसाळा त्याला मानवतो. मारतो तो वातानुकूलित खोलीतला दिव्याखालचा काचकपाट. म्हणून ठिसूळ पांढरा चुरा दिसला तर ‘निकृष्ट नमुना’ म्हणून फेकू नये. ती ओळखीची खूण आहे.

दुसरा बदल निसर्गाने फार पूर्वी करून ठेवलेला असतो. मालाडच्या खाणीतली बोटांसारखी फिकट हिरवी प्रेहनाइट प्रसिद्ध आहेत. आकार लोमोंटाइटच्या लांबट चौकोनी स्फटिकांचा, द्रव्य प्रेहनाइटचे. कित्येकदा बोट आतून पोकळ, कारण मूळ स्फटिक नंतर विरघळून गेला. याला छद्मरूप म्हणतात. इथे चाकू उपयोगी पडतो: लोमोंटाइटची कठिनता ३.५ ते ४, प्रेहनाइटची ६ ते ६.५. पोलादी पाते पहिल्यावर सहज चरा पाडते, दुसऱ्यावर बहुधा घसरते.

बाकी ओळख डोळ्यांनी बरीच होते. स्टिल्बाइटची मधे आवळलेली पेंढी, ह्यूलँडाइटचा शवपेटीसारखा स्फटिक, अपोफिलाइटच्या माथ्यावरची मोत्यासारखी चमक. कॅल्साइट सौम्य आम्लात फसफसते, पण आम्ल जपूनच वापरावे. नॅट्रोलाइटसारखी खनिजे त्यात लिबलिबीत होतात. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे तर पाण्यानेसुद्धा कायमचे चिकटून बसतात. आणि नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट या सुयांपुढे डोळा हरतो. स्कोलेसाइट तापवल्यावर किड्यासारखे वळते, त्यावरूनच ग्रीकमधून त्याचे नाव पडले; पण संग्रहातला नमुना जाळून नाव मिळवण्यात काय हशील? तिथे क्ष-किरण विवर्तनच खरे.

पुण्याजवळच्या वाघोलीने हाच प्रश्न उलटा मांडला. तिथले निळे कॅव्हनसाइट आणि पेंटागोनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच, अणूंची रचना वेगळी. दोन्ही मूळ अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये सापडली आणि १९७३ साली त्यांचे वर्णन झाले. पण देखणे नमुने जगाला दिले ते वाघोलीने. कॅव्हनसाइट फुलासारखे गोल झुपके करते. पेंटागोनाइटच्या टोकदार सुया जुळ्या होऊन पाच टोकांचा तारा करतात, नावही त्यावरूनच. नुसते रासायनिक पृथक्करण इथे निरुपयोगी आहे.

निळ्याला भाव आल्यावर तिसरा बदल आला, माणसाच्या हातचा. सुटलेले निळे झुपके दुसऱ्याच स्टिल्बाइटवर डिंकाने बसवले जातात, ओकेनाइटचे पांढरे गोळे रंगात बुडवले जातात. सांध्याकडे भिंगातून पाहावे, अतिनील दिवा टाकावा. पुष्कळ डिंक त्या उजेडात निळसर चमकतात. झुपक्याच्या मुळाशी तशी कड दिसली तर आधी ती टोकरून पाहावी, भावाचे नंतर बोलावे.