डाऊनलोडचे स्वस्त खेळ : निवड आणि टिकाव

टीव्हीला जोडून खेळावयाच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात मुले त्यात प्लॅस्टिकची ‘कॅसेट’ घालून खेळत. पुढे तबकड्या आल्या. आता तर खेळ इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरतो. ना तबकडी, ना खोका. ‘स्वस्त आहे, घेऊ या ना,’ असा हट्ट मुले धरतात. तो पुरवावा का, आणि पुरवायचा तर कोणते खेळ घ्यावेत? याचा विचार करताना या स्वस्त खेळांचा थोडा इतिहास पाहिलेला बरा.

ही कल्पना आजकालची नव्हे, बरं का! १९८३ साली अमेरिकेत ‘गेमलाइन’ नावाची सेवा निघाली. अटारी २६०० या यंत्रात एक जोडणी बसवायची, तिला टेलिफोनची तार लावायची, की खेळ घरी येई. मात्र तो भाड्याचा. ठरलेले डाव संपले की खेळ गेला. त्याच सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि ही सेवाही बुडाली. तिच्याच अवशेषांतून पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ ही प्रसिद्ध कंपनी उभी राहिली.

दुसरा प्रयोग रेडिओच्या श्रोत्यांना अधिक जवळचा वाटेल. १९९५ साली जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने ‘सॅटेलाव्ह्यू’ हे उपकरण काढले. सेंट गीगा नावाचे उपग्रह-रेडिओ केंद्र त्यासाठी खेळ प्रक्षेपित करी. काही खेळ तर नभोनाट्यासारखे ठरलेल्या वेळीच लागत. खेळणारा यंत्रावर खेळे आणि त्याच वेळी नटांचे आवाज आकाशातून येत. हे प्रक्षेपण २००० साली थांबले. खेळाचा काही भाग लोकांच्या जवळच्या साठवण-पट्ट्यांवर राहिला. पण ते आवाज त्यांवर उतरतच नसत. कुणी हौसेने घरी टेप करून ठेवले, तेवढेच वाचले.

खरा बहर आला तो २००६ नंतर. त्या वर्षी निन्टेंडोचे ‘वी’ हे कन्सोल निघाले आणि त्याच्या आतच एक दुकान होते. जुने खेळ तेथे पाच डॉलरपासून मिळू लागले. २००८ साली त्याच दुकानात ‘वीवेअर’ हा नव्या, छोट्या खेळांचा विभाग उघडला. तबकडीवरचा खेळ साधारण ५० डॉलरला पडे. हे पाच ते पंधरा डॉलरमध्ये मिळत. अट एकच, खेळ ४० मेगाबाइटच्या आत बसला पाहिजे. तबकडी छापणे नाही, खोका नाही, वाहतूक नाही. त्यामुळे दोघे-तिघे मिळूनही आपला खेळ जगापुढे ठेवू शकले. स्वस्ताईचे खरे श्रेय मी याला देतो.

त्यांतले तीन खेळ सांगण्याजोगे आहेत.

पहिला ‘वर्ल्ड ऑफ गू’, २००८ सालचा. काइल गॅब्लर आणि रॉन कार्मेल या दोघांनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तो केला. चिकट गोळे एकमेकांना जोडून पूल वा मनोरा उभारायचा आणि उरलेले गोळे नळीपर्यंत पोचवायचे, एवढाच खेळ. पण चौकोन डळमळतो आणि त्रिकोण टिकतो, हे मूल येथे स्वतः पडझड करून शिकते. भूमितीच्या शिक्षकांनी अवश्य पाहावा.

दुसरा ‘लॉस्टविंड्स’, त्याच वर्षीचा, किंमत दहा डॉलर. यात टोकू नावाचा मुलगा आणि त्याचा सोबती वारा. हातातल्या दांडीने पडद्यावर वारा ओढायचा, मुलाला उचलायचे, ज्योत इकडून तिकडे न्यायची. थोड्या तासांतच संपतो, पण लक्षात राहतो.

तिसरा ‘केव्ह स्टोरी’. दाइसुके अमाया या जपानी गृहस्थांनी फावल्या वेळात, पाच वर्षे एकट्याने खपून तो रचला आणि २००४ साली संगणकासाठी फुकट देऊन टाकला. २०१० साली तो वीवर बारा डॉलरला आला.

आता इतिहासाची दुसरी बाजू. वीचे हे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांची दुकाने मार्च २०२३ मध्ये, एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये. तबकडी असती तर शेजाऱ्याला देता आली असती, जुन्या बाजारात तरी सापडली असती. केवळ दुकानातच असलेला खेळ दुकानाबरोबर गेला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळत नाहीत, असे तीत आढळले. पुस्तके वाळवीने जातात. हे खेळ व्यापाराच्या एका निर्णयाने जातात. म्हणूनच कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला : ग्राहकाला मिळतो तो केवळ परवाना, वस्तूची मालकी नव्हे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे.

वरचे तीनही खेळ मात्र वाचले. का बरे? कारण ते एकाच दुकानाला बांधलेले राहिले नाहीत. ‘वर्ल्ड ऑफ गू’ संगणकावर आणि फोनवरही गेला, ‘लॉस्टविंड्स’ पुढे संगणकावर आला, आणि ‘केव्ह स्टोरी’ची मूळ आवृत्ती तर फुकट वाटलेली, अनेकांच्या घरी पोचलेली.

तेव्हा पालकांनी आणि गुरुजींनी पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हा खेळ दुसऱ्या यंत्रावरही मिळतो काय? इंटरनेट नसताना चालतो काय? आणि एकदा घेतल्यावर आत पुन्हा पैसे मागतो काय? पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर आले, तर मुलाचा हट्ट खुशाल पुरवावा. आणि खेळ उतरवून झाला, की त्याची एक प्रत घरच्या संगणकावर जपता येत असेल, तर तेवढे काम मुलाकडूनच करून घ्यावे.