बिलाच्या दोन ओळी

अचलपुरात विजेचे बिल घरात आले म्हणजे घरचा कर्ता माणूस प्रथम तळाची रक्कम पाहतो, कपाळाला आठी घालतो आणि तो कागद तारेला अडकवून मोकळा होतो. त्या कागदाच्या मध्यावर दोन ओळी एकीखाली एक छापलेल्या असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पहिली ओळ ‘स्थिर आकार’ आणि दुसरी ‘वीज आकार’. दिवा लावा अगर न लावा, घराला कुलूप घालून काशीयात्रेला जा, पहिल्या ओळीचे पैसे चुकत नाहीत. दुसऱ्या ओळीचे पैसे मात्र मीटरचा काटा जितका फिरला असेल तितकेच. ‘जे वापरले नाही त्याचे पैसे कसले?’ असा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण तो विजेबरोबर आलेला नाही. ठरीव देणे आणि मोजून देणे यांची जोड कशी घालावी, हा वाद वऱ्हाडच्या मातीत फार जुना आहे. आणि त्या वादात एकदा सबंध वऱ्हाडच गहाण पडला होता.

आधी गावाच्या खळ्यापासून आरंभ करू. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ हा ग्रंथ लिहिला. अलुते-बलुते म्हणजे काय, हे त्यात त्यांनी बारकाईने मांडले आहे. सुगी आली, ज्वारीची रास खळ्यावर पडली, की सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, महार असे सारे आपापला वाटा न्यायला येत. सुताराचा वाटा बहुधा औताच्या हिशेबाने असे. ज्याच्या घरी अधिक औते, त्याने अधिक धान्य द्यावयाचे. त्याच्या बदल्यात वर्षभर वखराचा दांडा मोडो, तिफणीचे नळे सैल होवोत, शेतकऱ्याने ते सुताराच्या दारात नेऊन टाकावे आणि सुताराने मुकाट्याने नीट करून द्यावे. एखाद्या वर्षी काहीच मोडले नाही म्हणून बलुते कमी होत नसे. कारण शेतकरी खरे पाहता दुरुस्तीचे पैसे देत नव्हता. पेरणीच्या ऐन घाईत तिफण मोडली तर सुतार गावातच आहे, या निश्चिंतीचे धान्य तो देत होता. सुतार पोट भरायला दुसऱ्या गावी निघून गेला असता, तर मृगाचा वाफसा कोणासाठी थांबला असता?

परंतु त्याच शेतकऱ्याला नवी बंडी करावयाची असली, तर ती बलुत्यात बसत नसे. तिचे लाकूड शेतकऱ्याचे आणि मजुरी निराळी ठरवून. लोहाराचेही तसेच. फाळ शेवटून देणे बलुत्यात, पण नव्या चाकाला धाव चढवणे वेगळे. न्हाव्याची हजामत बलुत्यात, पण लग्नातल्या कामाचा मान आणि मोबदला वेगळा. म्हणजे नित्याच्या गरजेसाठी ठरीव देणे आणि त्यापलीकडच्या कामासाठी मोजून देणे, अशी दोन देणी गावाने एकाच नात्यात बसविली होती. कोठे लिहिलेले काही नव्हते, पण नित्याचे काम कोठे संपते आणि जादा काम कोठे सुरू होते, ते सुतारालाही माहीत होते आणि शेतकऱ्यालाही.

ही सीमा दोघांना ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे पाहावयाचे असेल तर त्याच खळ्यावरच्या दुसऱ्या माणसाकडे पाहावे. महार समाजाच्या वाट्याला आलेल्या गावकामाला अशी सीमाच नव्हती. सरकारी टपाल पोचवणे, वसुलाच्या रकमेबरोबर चालत जाणे, हद्दीच्या खुणा राखणे, दवंडी देणे, मेलेले गुरू ओढणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे. रात्री-अपरात्री हाक आली की उठावयाचे. देणे ठरीव आणि तेही गावाच्या मर्जीवर, काम मात्र बेमोजणी. जेथे मोबदला बांधलेला आणि राबणूक मोकळी, तेथे त्या व्यवहाराला व्यवहार म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल आणले, त्यामागचा एक मुद्दा नेमका हाच होता. काम कोणाचे, किती आणि त्याचा पगार कोणी द्यावयाचा, हे स्पष्ट असावे, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

गावचा हिशेब हा असा. आता राज्याच्या हिशेबाकडे वळू, कारण त्याचा एक धागा अचलपूरच्या शेजारी परतवाड्यातच गुंतलेला आहे. परतवाड्याला ‘कॅम्प’ हे नाव पडले ते तेथे असलेल्या फौजेच्या छावणीवरून. ती फौज म्हणजे हैद्राबाद कंटिन्जंट. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला, देवगावचा तह झाला आणि भोसल्यांकडचा वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या पदरात आला. तत्पूर्वीच, १८०० सालच्या तहात, निजामाने कंपनीला एक वचन दिले होते. लढाईचा प्रसंग आलाच, तर आपले ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार मदतीला द्यावयाचे. आपल्या भाषेत बोलायचे तर हे ‘वापराप्रमाणे’ देणे होते. लढाई झाली तर फौज, नाही तर काही नाही.

पुढे काय झाले? लढाईच्या प्रसंगी द्यावयाच्या त्या फौजेच्या जागी, शांततेच्या काळातही कायम उभी राहणारी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज हळूहळू तयार झाली. दिवाण चंदूलाल यांच्या कारकिर्दीत ती चांगलीच पोसली गेली. वापराप्रमाणे द्यावयाचे होते ते दरमहाचे ठरीव देणे होऊन बसले, आणि तेही कोणत्याही तहात स्पष्ट न लिहिता. फौज लढो वा न लढो, तिचा पगार थांबत नव्हता. पगार थकला की कंपनी तो आपल्या खजिन्यातून भागवी आणि निजामाच्या नावे लिही. या थकबाकीचा आकडा वाढत वाढत ५० लाखांच्या आसपास गेला. १८५३ साली डलहौसीने हिशेब पुढे केला आणि त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. एका न संपणाऱ्या बिलापायी अचलपूरचा अंमलदार बदलला!

या कथेचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून बोधप्रद आहे. १८५३ च्या तहाप्रमाणे मुलुखाचा वसूल इंग्रजांनी घ्यावा, त्यातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च वजा करावा, उरेल ते निजामाला द्यावे आणि दरसाल हिशेब दाखवावा असे ठरले होते. १८६० च्या नव्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले. पण वऱ्हाड राहिला आणि त्याबरोबर हिशेब मागण्याचा हक्क गेला. शिल्लक द्यावयाची हे कलम राहिले खरे, परंतु खर्च किती करावा हे ज्याने ठरवायचे, शिल्लक किती उरली हेही त्यानेच सांगावयाचे. पहिले सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होते. वऱ्हाड परत मिळावा म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली, ती निष्फळ ठरली. शेवटी १९०२ साली कर्झनने मीर महबूब अली खान यांच्याशी करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि त्याचे दरसाल २५ लाख रुपये एवढे ठरीव भाडे बांधून टाकले. कापसाने भरलेल्या या सुभ्याचा वसूल त्याच्या कितीतरी पट होता. मोजून द्यावयाचे तेव्हा मोजणारा एकटा होता. मोजणे संपले तेव्हा रक्कम कायमची गोठली. लगोलग १९०३ साली कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली. जिच्या खर्चासाठी हे सारे घडले, ती फौज गेली आणि वऱ्हाड मात्र परत गेला नाही.

एका बाजूला सुताराचे बलुते, दुसऱ्या बाजूला कंटिन्जंटचे बिल. दोहोंत ठरीव भाग होता आणि दोहोंत वापराचा प्रश्न होता. एक नाते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि दुसऱ्याने सुभा गिळला. फरक एवढाच की, एकात मोजमाप दोघांच्या डोळ्यांसमोर होते आणि दुसऱ्यात ते एकाच्या दप्तरात होते.

आता पुन्हा विजेकडे येऊ. ‘न वापरलेल्याचे पैसे कसले’ या प्रश्नाला शास्त्रशुद्ध उत्तर १८९२ साली लंडनमध्ये जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने एका व्याख्यानात दिले. त्याचे म्हणणे साधे होते. विजेच्या कारखान्याला दोन प्रकारचे खर्च येतात. बॉयलर, यंत्रे, तारा आणि माणसे सज्ज ठेवण्याचा खर्च कोणी दिवा लावला नाही तरी होतोच. कोळशाचा खर्च मात्र जितकी वीज खपेल तितकाच. तेव्हा गिऱ्हाइकाचे बिलही दोन भागांचे असावे : एक भाग त्याच्यासाठी किती सज्जता ठेवावी लागते त्याचा, दुसरा त्याने किती वीज जाळली त्याचा. आमच्या गावच्या सुताराने हे व्याख्यान ऐकले असते तर त्याला त्यात नवल वाटले नसते. २००३ च्या आपल्या वीज कायद्यानेही प्रत्यक्ष वापराच्या आकाराबरोबर स्थिर आकार घेण्याची मुभा दिली आहे.

हीच रीत पुढे टेलिफोनने उचलली. घरोघरी काळे यंत्र होते तेव्हा दर बिलात भाडे ठरीव असे, त्यात काही कॉल फुकट धरलेले असत आणि त्यावरच्या कॉलांचे पैसे मोजून लागत. आज संगणकावर चालणाऱ्या कितीतरी सेवा महिन्याची वर्गणी आणि वापराची आकारणी एकत्र जोडूनच विकल्या जातात. ही जोड घालणारे कार्यक्रम आता इतके तरबेज झाले आहेत की, वर्गणी कोणती, तिच्यात किती वापर धरलेला आणि त्यावर दर कोणता, हे क्षणात जुळवून लक्षावधी बिले छापली जातात. पूर्वी त्यासाठी कारकुनांची फौज लागली असती. पण यंत्र फक्त गुणाकार करते. मोजलेला आकडा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही.

हे अचलपूरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि विहिरीवर मोटेच्या जागी पंप आले. शेतोशेत हिंडून मीटर वाचणे खर्चाचे आणि जिकिरीचे म्हणून १९७० च्या दशकात पंपाच्या अश्वशक्तीवर वर्षाची ठरीव आकारणी सुरू झाली. बिलाची दुसरी ओळ पुसली गेली, पहिली तेवढी राहिली. शेतकऱ्याला ते सोयीचे वाटले, आणि होतेही. पण पाच अश्वशक्तीचा पंप दिवसाला एक तास चालो की आठ तास, पैसे तेवढेच. मग पाणी राखील कोण? सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा वाढल्या, विहिरींच्या जागी बोअर आले, बोअर खोल खोल गेले. वरुड-मोर्शीकडे जमिनीत मुरते त्याहून अधिक पाणी उपसले जाऊ लागले, आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून वाळलेली संत्र्याची झाडे तोडण्याची पाळी बागाइतदारांवर आली. दक्षिणेला पूर्णाकाठचा खारपाण पट्टा. तिकडे जमिनीतले पाणीच खारट. गोडे पाणी आहे तेवढेच आहे, आणि त्याला मोजमाप नव्हते.

दुसरी गोष्टही त्याच अंधारात घडली. पंपांना मीटर नसल्यामुळे शेतीला किती वीज गेली हे अंदाजाने लिहिले जाई. १९९९ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला, जाहीर सुनावण्या सुरू झाल्या आणि पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकडे तपासले, तेव्हा उघड झाले की शेतकऱ्याच्या नावे लिहिलेल्या विजेतली पुष्कळ वीज प्रत्यक्षात गळती आणि चोरीत गेली होती. न वापरलेल्या विजेचा बोल शेतकऱ्याला लागला, कारण आपण किती वापरली हे सांगणारा काटाच त्याच्याजवळ नव्हता. परतवाड्याच्या छावणीचे बिल आणि हे बिल यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज राज्य सरकारने मोफत केली आहे. तिचे पैसे सरकार भरते. कर्जाने वाकलेल्या शेतकऱ्याला हा आधार हवाच होता. पण पैसे सरकारने भरले म्हणून मोजणे थांबवता कामा नये. काटा असेल तर उद्या कोणी ‘शेतीनेच सारी वीज खाल्ली’ असे म्हणाले, तर शेतकरी त्याला आकडा दाखवू शकेल. मीटर हा केवळ वसुली करणाऱ्याचा चाकर नव्हे, तो देणाऱ्याचा साक्षीदारही आहे.

आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते. धनाबरोबर वहीला हळदकुंकू वाहण्यात पूर्वजांनी मोठा अर्थ पाहिला असावा; लक्ष्मी घरात टिकते ती हिशेबाच्या आधाराने. या दिवाळीत घरातल्या मोठ्यांनी तारेवरचे बिल खाली काढावे, मुलांना जवळ बसवावे आणि त्या दोन ओळी वाचून दाखवाव्यात. पहिली ओळ कशाच्या सज्जतेची, दुसरी किती वापराची, आणि तो वापर कोणी मोजला, एवढे त्यांना कळले तरी पुरे. ज्या मुलखाचा हिशेब एकेकाळी दुसऱ्याच्या दप्तरात बंद होता, तेथल्या मुलांना एवढे तरी आलेच पाहिजे.