शाश्वत उपाहारगृह-प्रमाणन

उपाहारगृहाच्या व्यवहाराचा निसर्गावर व समाजावर पडणारा भार तपासून त्यास दर्जा बहाल करण्याची पद्धती. अमेरिकेत १९९० साली स्थापन झालेल्या ग्रीन रेस्टॉरंट असोसिएशनने ऊर्जा, पाणी, कचरा, रसायने इत्यादी बाबींना गुण देण्याचा परिपाठ घातला. पॉलिस्टायरीन फोमची भांडी वापरणाऱ्यास तेथे प्रमाणपत्र मिळत नाही. याहून व्यापक दृष्टी लंडन येथील सस्टेनेबल रेस्टॉरंट असोसिएशनची (स्थापना २०१०) होय. तिच्या ‘फूड मेड गुड’ मानकात जिन्नसांची खरेदी, समाज आणि पर्यावरण असे तीन विभाग असून, मासळी कोणत्या पाण्यातली व कोणत्या रीतीने धरलेली येथपासून नोकरवर्गास न्याय्य वागणूक मिळते की नाही येथपर्यंतची चौकशी त्यांत अंतर्भूत होते, आणि मालकाच्या तोंडी ग्वाहीवर न विसंबता कागदोपत्री पुरावा मागितला जातो. मिशेलिन मार्गदर्शिकेने २०२० मध्ये सुरू केलेला हिरवा तारा मात्र ठराविक गुणतक्त्यावाचून, निरीक्षकांच्या अभिप्रायावर दिला जात असल्याने, त्याची प्रतिष्ठा मोठी असली तरी प्रमाण म्हणून त्याचे मोल बेताचेच मानावे लागते.

या तपासणीत सर्वांत बोलका पुरावा उष्ट्या-खरकट्याचा. साठवणीत नासलेले, चिरताना-सोलताना टाकलेले आणि ताटात उरलेले अन्न निरनिराळ्या पिंपांत घालून रोज तोलले, म्हणजे दोष कोठारातला, आचाऱ्याच्या हाताचा की वाढपाच्या मापाचा, याचा उलगडा होतो.