छत्रीचे गोत्र

इंदूरला छत्रीबाग नावाची एक वस्ती आहे. राजवाड्यापासून फारशी दूर नाही. हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्या गोमंतकीयाच्या डोळ्यांपुढे येते ती आषाढातली काळी छत्री. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हिच्यावाचून पान हलत नाही! पण छत्रीबागेतली छत्री दगडाची आहे. होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ इथे घुमटांच्या आणि खांबांच्या वास्तू उभ्या राहिल्या. त्यांना छत्री म्हणतात, आणि त्यांच्यावरूनच या भागाला नाव मिळाले. खाली चार खांब, वर घुमट. दुरून पाहिले तर खरेच कुणीतरी छत्री उघडून धरल्यासारखे वाटते.

अशा छत्र्या होळकरांनी आणखीही ठिकाणी बांधल्या. खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले. मल्हारराव १७६६ साली आलमपूरला वारले आणि तिथे त्यांची छत्री आहे. एक गोष्ट मला नेहमी लक्षात घेण्यासारखी वाटते. राज्याभिषेकाचे छत्र हे राजाचे. १६७४ साली रायगडावर शिवाजीमहाराजांनी ते धरले म्हणून ते छत्रपती. होळकर हे पेशव्यांचे सरदार, आणि पेशवे छत्रपतींचे प्रधान. सरदाराला मान म्हणून मिळे ती अबदागीर. हा मूळ फारसी शब्द, ‘आफ्ताब’ म्हणजे सूर्य, तो अडवणारी ती अबदागीर. मरणानंतर मात्र सरदाराच्या डोक्यावरही दगडाचे छत्र आले.

आता शब्दाकडे वळू. छत्र हे संस्कृतातल्या ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूपासून आले. आच्छादन त्याच घरातले, आणि सोंग घेऊन खरे रूप झाकणारे छद्मही त्याच घरातले. पाणिनीच्या परंपरेत तर ‘छात्र’ हा शब्दही छत्रावरूनच सिद्ध केला आहे. गुरूचे दोष छत्रासारखे झाकतो तो छात्र! आजच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले तर ते काय म्हणतील कोण जाणे.

इंग्रजीत याच वस्तूला अंब्रेला म्हणतात. लॅटिनमध्ये ‘उंब्रा’ म्हणजे सावली. तिच्यापासून इटालियन शब्द झाला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीस तो इंग्रजीत आला. म्हणजे मुळात हीही उन्हाचीच. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यास जोनास हॅनवे नावाचे गृहस्थ पावसात छत्री घेऊन हिंडत, तेव्हा लोक त्यांची टिंगल करीत. पुरुषाने छत्री वापरणे तिथे हास्यास्पद समजले जाई.

यू, एम, बी, आर ही चार अक्षरे धरून इंग्रजी शब्दकोश चाळला की या घराण्यातली बरीच माणसे भेटतात. ग्रहणाच्या पाठात येणारी उपच्छाया म्हणजे पेनंब्रा. मनाला झालेला राग म्हणजे अंब्रेज, कारण मनावर सावली पडते. अंधुक रूपरेषा दाखवणे म्हणजे ॲडंब्रेट. स्पॅनिशमध्ये ‘सोंब्रा’ म्हणजे सावली, म्हणून सावली देणारी टोपी ती सोंब्रेरो. इथे गोव्याचा संबंध येतो. पोर्तुगीज काळातल्या जुन्या लेखनात हाच शब्द टोपीसाठी नव्हे, तर छत्रीसाठी येतो. लिन्शोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या १५९६ च्या पुस्तकातल्या चित्रांत पोर्तुगीज अमीर आणि त्याच्या डोक्यावर छत्र धरणारा गुलाम दिसतो. ज्याच्या हातात छत्रीचा दांडा होता त्याच्या डोक्यावर मात्र ऊनच होते.

इथवर सगळे सुरळीत आहे. पण त्याच अक्षरांचे आणखी काही शब्द पाहा: नंबर, लंबर, स्लंबर, कुकंबर. या सगळ्यांत यू, एम, बी, ई, आर ही अक्षरे ओळीने येतात. मग आकडा, लाकूड, झोप आणि काकडी यांचाही सावलीशी संबंध आहे का? मुळीच नाही. नंबर हा लॅटिन ‘नुमेरुस’चा वंशज. त्यात मुळात बी नव्हताच, तो फ्रेंचांच्या तोंडी उच्चाराच्या सोयीने शिरला. स्लंबरमधला बी देखील असाच मागाहून आलेला.

मराठीतही हे आहेच. छत्र आणि क्षत्र कानाला किती जवळचे वाटतात! पण क्षत्र म्हणजे सत्ता. त्याचा भाऊ जुन्या इराणी भाषेत सापडतो आणि त्यातूनच क्षत्रप आला. छत्राशी त्याचे रक्ताचे नाते नाही. आमच्या गोव्यात नाईक किती आहेत, म्हणून काय सगळे एकमेकांचे चुलतभाऊ? आडनाव जुळले तरी गोत्र जुळेलच असे नाही. फारसीतला ‘बद’ (आपल्या बदनाममधला) आणि इंग्रजीतला ‘बॅड’ यांचा आवाज जवळचा आणि अर्थही एकच, तरी दोघे परके! उलट पितृ, पातेर आणि फादर यांची पहिली अक्षरे वेगळी, पण ते सख्खे. कारण लॅटिन व संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येणे हे एकदाच घडत नाही. पाद आणि फूट पाहा. असे नियमाने घडते तिथेच नाते मानायचे.

हे सगळे सांगण्याचे कारण इंदूरशीच जोडलेले आहे. पु. ना. ओक यांचा जन्म १९१७ साली इंदूरचा. त्यांनी शब्दांच्या साम्यावर इतिहासाचे मोठे इमले रचले. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती, ताजमहाल म्हणजे तेजोमहालय. ओक २००७ साली गेले, पण ही समीकरणे अजून मोबाईलवर फिरतात आणि शिकलेली माणसेही ती पुढे पाठवतात. वास्तविक व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचे नाव ख्रिस्ती धर्माहून जुने. ख्रिस्त हा ग्रीक शब्द, अर्थ ‘अभिषिक्त’. ताज म्हणजे मुकुट, आणि मुमताज महल १६३१ साली वारली ती बुऱ्हाणपुरात. ताजमहालाविषयीची ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली.

मला ओकांच्या हेतूविषयी काही म्हणायचे नाही. पण अशा युक्तिवादाने आपले भूतकाळाचे प्रेम वाढते आणि समज मात्र कमी होते, हे म्हटले पाहिजे. अभिमानाला पुराव्याची गरज नसती तर मल्हाररावांच्या कर्तबगारीसाठी कागदपत्रे धुंडाळावी लागली नसती. मी सरकारी कारकून. आमच्या कपाटात फायली आद्याक्षराप्रमाणे लागतात. शेजारी बसलेल्या दोन फायलींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे आत उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. कपाटावरची चिठ्ठी वाचून शेरा मारणाऱ्याला साहेब काय म्हणतात हे मला चांगले ठाऊक आहे.

असो. इंदूरला गेलात तर सराफ्यातले खाणे आटोपल्यावर सकाळी छत्रीबागेतही एक फेरी मारा. तिथले वेंकटेशाचे मंदिरही पाहण्यासारखे आहे. आणि परतताना पाऊस लागलाच, तर हातातल्या छत्रीकडे जरा आदराने पाहा. घराणे मोठे आहे!